कारण, कैवार आणि कर्ता

१

हिंसक संघटनेच्या उगमाची मीमांसा करू पाहणाऱ्या लेखकावर दोन परस्परविरोधी आरोप होण्याची शक्यता असते. हिंसेची कारणे सांगणारा तिचा कैवारच घेत असतो, हा पहिला. कारणे मान्य करूनही जो हिंसेचा निषेध करतो तो प्रस्थापित व्यवस्थेची चाकरी करतो, हा दुसरा. वरवर पाहता हे आरोप एकमेकांच्या विरोधी टोकांवरून येतात. परंतु त्यांच्या तळाशी गृहीतक एकच आहे. एखाद्या कृतीचे कारण सापडले की त्या कृतीचे समर्थनही सापडले, असे दोन्ही पक्ष मानतात. म्हणून एक पक्ष कारणांकडे पाहण्याचेच नाकारतो आणि दुसरा पक्ष कारणांचा उच्चार करून नैतिक प्रश्न निकालात निघाला असे समजतो. प्रस्तुत लेखात ह्या समान गृहीतकाची तपासणी करावयाची आहे, आणि त्यासाठी आधार घ्यावयाचा आहे तो गडचिरोलीतील सशस्त्र नक्षलवादी चळवळीचा.

हा विचार नागपुरात बसून करण्यास काही कारण आहे. गडचिरोली येथून सुमारे १७० किलोमीटरवर आहे. तेथील अर्ज, मोर्चे, खटले आणि कैदी ह्या शहरात येतात. विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन, उच्च न्यायालयाचे खंडपीठ, मध्यवर्ती कारागृह आणि विद्यापीठ ही सर्व येथे आहेत. चळवळीविषयी मराठीत जे लिहिले गेले त्याचा बराच मोठा भागही अशा शहरांतच लिहिला गेला. जंगलातील मनुष्य गोळी झाडतो किंवा गोळी खातो, आणि त्याचा अर्थ शहरातील मनुष्य लावतो. हे अंतर साहित्यसमीक्षेला अपरिचित नाही. अनुभव आणि कथन ह्यांमधील तेच अंतर येथे जीवनमरणाच्या संदर्भात उभे राहते.

२

प्रथम उगमाचा प्रश्न. मे १९६७ मध्ये उत्तर बंगालमधील नक्षलबारी येथे जो उठाव झाला त्याचे नाव ह्या चळवळीला चिकटले असले, तरी गडचिरोलीतील तिचा प्रवेश त्या उठावातून थेट झालेला नाही. २२ एप्रिल १९८० रोजी आंध्र प्रदेशात कोंडापल्ली सीतारामय्या यांच्या नेतृत्वाखाली पीपल्स वॉर गटाची स्थापना झाली. तेलंगणातील शेतकरी चळवळीवर पोलिसी दडपण वाढले तर तिला पाय मागे घेण्यास सुरक्षित प्रदेश हवा, ह्या विचाराने गटाने गोदावरीपलीकडील अरण्यात, म्हणजे बस्तरमध्ये आणि तत्कालीन चंद्रपूर जिल्ह्याच्या दक्षिण भागात, आपली पथके पाठविली. नोव्हेंबर १९८० मध्ये सिरोंचा तालुक्यातील मोयाबीनपेठा परिसरात पेद्दी शंकर हा कार्यकर्ता पोलिसांच्या गोळीने मारला गेला. गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा झाला तो त्यानंतर, २६ ऑगस्ट १९८२ रोजी. जिल्ह्याच्या नावापूर्वी चळवळ तेथे पोहोचली होती.

ह्या तपशिलाला नैतिक वजन आहे. चळवळीचा पहिला हेतू माडिया आणि गोंड समाजाच्या दुःखातून निघालेला नव्हता. तो लष्करी भूगोलातून निघालेला होता. अरण्य हे पिछाडीचे क्षेत्र होते, आणि अरण्यातील माणसे त्या क्षेत्राचा भाग होती. परंतु येथेच थांबणे अर्धसत्य सांगण्यासारखे होईल. आलेल्या पथकांना तेथे जे आढळले ते त्यांनी निर्माण केलेले नव्हते. पिढ्यान्पिढ्या कसलेली जमीन सरकारदप्तरी ‘अतिक्रमण’ ठरली होती. तिला लोक ‘जबरान जोत’ म्हणत, आणि ह्या शब्दातच कायद्याने लोकांच्या तोंडी घातलेली अपराधी भावना आहे. वनरक्षकाला कोंबडी, बोकड, वेठ द्यावी लागे. तेंदूपानांच्या फळीवर पुडे मोजताना ठेकेदाराचा माणूस ते खराब ठरवून बाजूला टाकी आणि त्यांचे पैसे देत नसे. बल्लारपूरच्या कागद कारखान्यासाठी बांबू तोडणाऱ्याला मिळणारी मजुरी त्याच्या श्रमाशी कोणतेही नाते सांगत नव्हती. दलमने ठेकेदाराला धाक घातला, मजुरीचे दर वाढले आणि वनरक्षकाची वेठ थांबली. ज्याच्या घरात त्या वाढीव दराचे पैसे आले त्याला पिछाडीच्या क्षेत्राचा सिद्धान्त ठाऊक असण्याचे कारण नव्हते.

म्हणजे उगम एक नसून दोन आहेत. एक उगम संघटनेचा, दुसरा तिला मिळालेल्या प्रतिसादाचा. संघटनेचा हेतू सत्तेचा होता, प्रतिसादाचा हेतू प्रतिष्ठेचा. ह्या दोहोंची गल्लत केली की दोन सोयीस्कर कथा तयार होतात. बाहेरून आलेल्यांनी भोळ्या आदिवासींना फसविले, ही शासकीय कथा. आदिवासींनी स्वतःच बंड पुकारले आणि संघटना केवळ त्यांचे शस्त्र झाली, ही सहानुभूतीदारांची कथा. पहिली कथा आदिवासींचे कर्तेपण हिरावून घेते. दुसरी कथा ते बहाल करते खरे, परंतु संघटनेच्या निर्णयांची जबाबदारी अलगद त्यांच्या डोक्यावर ठेवते.

३

रणजित गुहा यांनी १९८३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या बंडविरोधी गद्याविषयीच्या निबंधात वसाहतकालीन दस्तऐवजांची भाषा तपासली. अधिकाऱ्यांचा तातडीचा अहवाल, नंतरची आठवणवजा निवेदने आणि त्याही नंतरचे इतिहासलेखन ह्या तिन्ही थरांत बंडखोराची जाणीव कशी गळून पडते, हे त्यांनी दाखविले. बंड हे वादळासारखे, वणव्यासारखे, साथीसारखे वर्णिले जाते, म्हणजे निसर्गाच्या हवाली केले जाते. गुहांचा रोख वसाहतवादी आणि राष्ट्रवादी इतिहासकारांवर होताच; परंतु बंडखोराला पुढील क्रांतीच्या आराखड्यातील एक टप्पा मानणाऱ्या डाव्या इतिहासकारांनाही त्यांनी सोडले नव्हते. ही गोष्ट गडचिरोलीविषयी लिहिताना विशेष स्मरणीय ठरते.

विलास मनोहर यांच्या कादंबरीचे शीर्षक ‘एका नक्षलवाद्याचा जन्म’ असे आहे. हेमलकशाच्या परिसरात दीर्घकाळ वास्तव्य केलेल्या लेखकाची ही कृती. वनखाते, ठेकेदार आणि पोलीस ह्यांची साखळी एका माडिया तरुणाभोवती कशी आवळत जाते, हे तिने मराठी वाचकाच्या घरात आणून ठेवले. हे तिचे ऋण मान्य केलेच पाहिजे. तथापि शीर्षकातील ‘जन्म’ ह्या प्रतिमेपाशी थोडे थांबावे लागते. जन्म कोणी निवडत नाही. जन्माला येणारा जन्माबद्दल जबाबदार नसतो. व्यवस्था प्रसवते आणि नक्षलवादी जन्मतो, अशी ही प्रतिमा आहे. वाचकाच्या करुणेला ती आवाहन करते; परंतु करुणेच्या मोबदल्यात नायकाकडून निवडीचे स्वातंत्र्य काढून घेते. वणव्याची प्रतिमा आणि जन्माची प्रतिमा ह्यांत भावनेचे अंतर आहे. दोन्ही निसर्गाच्याच प्रतिमा आहेत, हे मात्र विसरता येत नाही.

शिवाय सर्वांचा प्रवेश ह्या एकाच दारातून झालेला नाही. अनुराधा गांधी मुंबईहून नागपुरात आल्या, येथे समाजशास्त्राच्या अध्यापिका होत्या, इंदोरा ह्या दलित वस्तीत राहिल्या, कामगार आणि स्त्रिया ह्यांच्या संघटनांत वावरल्या, आणि पुढे बस्तरच्या अरण्यात गेल्या. एप्रिल २००८ मध्ये मलेरियाने त्यांचा मृत्यू झाला. १३ नोव्हेंबर २०२१ रोजी मर्दिनटोला येथील चकमकीत मारले गेलेले मिलिंद तेलतुंबडे कोळसाखाणीतील कामगार चळवळीतून आले होते. भुकेने ढकलले म्हणून गेलेला तरुण, विचाराने ओढले म्हणून गेलेली प्राध्यापिका, आणि घरातील सक्तीच्या विवाहाला नकार द्यावयाचा म्हणून दलमची वाट धरणारी मुलगी, ह्या तिघांना एकाच कारणात बसविता येत नाही. ज्याच्यापुढे अन्य वाटा होत्या आणि तरीही ज्याने शस्त्राची वाट घेतली, त्याच्या बाबतीत ‘जन्म’ हा शब्द तर लागूच पडत नाही. तेथे निर्णय आहे. आणि जेथे निर्णय आहे तेथे त्या निर्णयाचा हिशेब मागण्याचा अधिकारही आहे.

४

कारण कर्त्याला गिळून टाकत नाही, ह्याचा पुरावा विदर्भातच आहे. २३ नोव्हेंबर १९९४ रोजी गोवारी समाजाचा मोर्चा नागपूरच्या विधिमंडळावर आला. अनुसूचित जमातीचा दर्जा मिळावा, ही त्यांची मागणी होती. पोलिसांनी लाठ्या चालविल्या, चेंगराचेंगरी झाली आणि ११४ माणसे मेली. त्यांत स्त्रिया आणि मुले अधिक होती. गुरे राखणारा, भूमिहीन, निवेदनाचा कागद घेऊन आलेला हा समाज. सूड घेण्याचे कारण जर कोणाला असेल तर ते ह्या समाजाला होते. त्याने शस्त्र उचलले नाही. तो पुन्हा मोर्चे काढीत राहिला, न्यायालयात गेला. १४ ऑगस्ट २०१८ रोजी नागपूर खंडपीठाने त्याच्या बाजूने निकाल दिला आणि १८ डिसेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला.

दुसरे उदाहरण गडचिरोलीतीलच. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) ह्या गोंड गावाने दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार, अशी घोषणा दिली आणि ती ग्रामसभेत सर्वसहमतीच्या निर्णयपद्धतीने प्रत्यक्षात आणली. २००६ च्या वनहक्क कायद्यान्वये २००९ मध्ये गावाला सामूहिक वनहक्क मिळाला. एप्रिल २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या हाती आला. ज्या बांबूच्या मजुरीने दलमला लोकांची सहानुभूती मिळवून दिली, त्याच बांबूची मालकी येथे बंदुकीविना मिळविली गेली.

तिसरे उदाहरण अधिक अवघड आहे. १९९० मध्ये गडचिरोली पोलिसांनी सी-६० ही तुकडी उभारली ती स्थानिक तरुणांमधून. १ मे २०१९ रोजी कुरखेडा तालुक्यातील जांभुळखेडा येथे भूसुरुंगाच्या स्फोटात पोलीस दलाचे १५ जवान आणि एक वाहनचालक मारले गेले. दलममधील तरुण आणि पोलीस दलातील स्थानिक तरुण अनेकदा एकाच तालुक्याचे, एकाच भाषेचे, क्वचित एकाच गोत्राचे असतात. दोघांच्या घरची परिस्थिती सारखी, दोघांनी उचललेली बंदूक मात्र परस्परांवर रोखलेली. समान कारणातून असे विरुद्ध निर्णय जर निघत असतील, तर कारण आणि निर्णय ह्यांच्यामध्ये एक मोकळी जागा आहे असे मानणे भाग आहे. नैतिक विचार त्या जागेत सुरू होतो.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. गोवारींचा संयम हा शस्त्र घेणाऱ्यांच्या तोंडावर फेकण्याचा दाखला होऊ नये. ज्यांनी संयम पाळला त्यांच्या पदरात काय पडले, हे आपण वर पाहिलेच. त्यांचा संयम हे त्यांचे श्रेय आहे, व्यवस्थेचे नव्हे. उड्डाणपुलाला त्यांच्या हुतात्म्यांचे नाव देऊन हा हिशेब पुरा होत नाही.

५

आता खरा पेच. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत केलेल्या भाषणात डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी रक्तरंजित क्रांतीचा मार्ग सोडून देण्याचे आवाहन केले. संविधानात्मक मार्ग उपलब्ध नव्हते तेव्हा अन्य मार्गांना पुष्कळ समर्थन होते. ते उपलब्ध असताना असे समर्थन उरत नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. त्याच भाषणात पुढे त्यांनी सांगितले की राजकीय समता आणि सामाजिक-आर्थिक विषमता ह्यांतील विसंगती दीर्घकाळ टिकविली, तर विषमतेने पोळलेले लोक लोकशाहीची इमारत उद्ध्वस्त करतील. एका पक्षाला ह्या भाषणाचा पहिला भाग पाठ असतो, दुसऱ्याला दुसरा. वस्तुतः हे एकच विधान आहे. बाबासाहेब स्फोटाचे कारण सांगतात, आणि कारण सांगूनही स्फोटाला परवाना देत नाहीत. कारण आणि कैवार ह्यांतील भेद ह्याहून स्पष्टपणे क्वचितच मांडला गेला असेल. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी ह्याच नागपुरात लक्षावधींनी जे परिवर्तन स्वीकारले, त्याच्या मुळाशीही साधनांचा हाच विवेक होता.

परंतु बाबासाहेबांच्या युक्तिवादात एक अट आहे, आणि चळवळीचा सर्वांत गंभीर बचाव त्या अटीवर उभा आहे. १९८० साली अहेरी किंवा एटापल्लीच्या माडियाला संविधानात्मक मार्ग खरोखर उपलब्ध होता काय? कायद्याची भाषा त्याची नव्हती, न्यायालय काही दिवसांच्या अंतरावर होते, आणि त्याच्यापुरते राज्य म्हणजे वनरक्षक. दार भिंतीत रंगविलेले असेल तर ते उघडे आहे असे म्हणता येत नाही. हा आक्षेप प्रामाणिकपणे मान्य केला पाहिजे. शिवाय १९९६ चा पेसा कायदा आणि २००६ चा वनहक्क कायदा ही दारे बंदुकीच्या आवाजामुळेच उघडली, असेही सांगितले जाते. ह्या दाव्यात अंशतः तथ्य असू शकेल. राज्याचे कान शांततेपेक्षा स्फोटाने लवकर उघडतात, ही राज्याची लाजिरवाणी गोष्ट आहे. मात्र देशभरातील निःशस्त्र आदिवासी संघटनांनी वर्षानुवर्षे चालविलेला लढा त्या कायद्यांमागे होता, हे विसरून सारे श्रेय बंदुकीला देणे म्हणजे पुन्हा एकदा आदिवासींचे कर्तेपण पुसणे होय.

आणि दार बंद होते हे मान्य केले, तरी त्यातून जे निघते ते मर्यादित आहे. फार तर, अन्याय करणाऱ्याविरुद्ध बळ वापरण्याचा युक्तिवाद त्यातून निघेल. ‘खबऱ्या’ ठरवून मारलेल्या गावकऱ्याचे काय? गेल्या चार दशकांत गडचिरोलीत नक्षलवाद्यांनी शेकडो सामान्य नागरिकांना मारल्याच्या पोलिसांच्या नोंदी आहेत. त्यांतील पुष्कळजण आदिवासीच होते. रात्री घरातून उचलून नेणे, जनअदालत, आणि सकाळी रस्त्यावर प्रेत व त्याच्याजवळ पत्रक. ज्याच्या मुक्तीसाठी लढा, त्याचाच साक्षीपुराव्याविना वध. पिछाडीचे क्षेत्र म्हणून ज्या माणसाकडे प्रथम पाहिले गेले, तो येथे पुन्हा क्षेत्राचाच भाग होतो. उगमातील हेतू चळवळीच्या अंगात कसा मुरून राहिला, ह्याचे हे सर्वांत कठोर प्रमाण आहे.

६

त्या पत्रकाचे वाचन समीक्षकाने करावयास हवे. त्यात मृताचे नाव असते, पण वाक्य त्याच्याविषयी नसते. ते ‘खबऱ्या’ ह्या वर्गाविषयी असते. पोलिसांचे प्रसिद्धिपत्रकही पाहावे. ‘चकमकीत नक्षलवादी ठार’ ह्या वाक्यात मारणारा नाही आणि मरणाऱ्याला वर्गाबाहेर अस्तित्व नाही. दोन शत्रूंचे व्याकरण एक आहे. दोघेही माणसाला सामान्यनामात विसर्जित करतात, आणि सामान्यनामाला मारणे नेहमीच सोपे असते.

आल्बेर काम्यूच्या १९४९ च्या ‘न्यायनिष्ठ मारेकऱ्यां’विषयीच्या नाटकात कालियायेव्ह हा क्रांतिकारक सरदाराच्या गाडीत मुले दिसताच बाँब टाकण्याचे थांबवितो. पुढे तो सरदाराला मारतो आणि फाशी स्वीकारतो. हत्या अटळ वाटली तरी ती क्षम्य होत नाही, म्हणून मारणाऱ्याने आपला प्राण त्याबदल्यात ठेवावा, असा काम्यूचा विचार आहे. त्याची मर्यादाही उघड आहे. कालियायेव्हला रंगमंच आहे, संवाद आहेत. मरणाऱ्याच्या वाट्याला ते येत नाहीत. महाश्वेता देवींनी ‘हजार चुराशीर मा’मध्ये ही मांडणी उलटविली. तेथे प्रश्न विचारते ती शवागारातील एका क्रमांकाची आई. मुलाने काय केले ह्याचे समर्थन ती करीत नाही, निषेधही करीत नाही. त्या क्रमांकाला ती पुन्हा नाव देते. गडचिरोलीच्या संदर्भात अशा तीन आयांची गरज आहे: दलममधील मुलाची, जांभुळखेड्याच्या जवानाची आणि खबऱ्या ठरवून मारलेल्या गावकऱ्याची. मराठी साहित्याने पहिलीचे दुःख काही प्रमाणात लिहिले. उरलेल्या दोघी बहुतांशी बातमीत राहिल्या.

ह्याचबरोबर समजून घेण्याच्या स्वातंत्र्याचे रक्षणही आवश्यक आहे. प्राध्यापक जी. एन. साईबाबा यांना २०१४ मध्ये अटक झाली, २०१७ मध्ये गडचिरोलीच्या न्यायालयाने जन्मठेप दिली, आणि ५ मार्च २०२४ रोजी नागपूर खंडपीठाने त्यांची निर्दोष मुक्तता केली. शरीराने जवळजवळ पूर्णतः विकलांग असलेल्या ह्या माणसाची बरीच वर्षे नागपूरच्या कारागृहात गेली होती. सुटकेनंतर सात महिन्यांत, ऑक्टोबर २०२४ मध्ये, ते वारले. विशिष्ट विचाराचे साहित्य बाळगणे किंवा त्याविषयी सहानुभूती असणे एवढ्यानेच दहशतवादी कृत्याचा गुन्हा सिद्ध होत नाही, असे न्यायालयाने ह्या निकालात म्हटले. कारण समजून घेणे म्हणजे कैवार घेणे, हे गृहीतक तुरुंगाच्या भिंतीपर्यंत कसे पोहोचते, हे त्यातून दिसते.

१५ ऑक्टोबर २०२५ रोजी चळवळीचे ज्येष्ठ नेते मल्लोजुला वेणुगोपाल राव ऊर्फ भूपती यांनी साठ सहकाऱ्यांसह गडचिरोलीत मुख्यमंत्र्यांपुढे शस्त्रे ठेवली. संघटना ओसरली आहे. आता विरुद्ध दिशेची चूक संभवते. संघटना संपली म्हणून तिला मिळालेल्या प्रतिसादाची कारणेही संपली, असे मानले जाईल. सूरजागडचे लोहखनिज, ग्रामसभांचा अधिकार, जमिनीचे पट्टे हे प्रश्न संघटनेबरोबर शरण आलेले नाहीत. कारणाने हिंसेचे समर्थन होत नाही, हे ज्याला म्हणावयाचे आहे, त्याला हिंसा थांबल्याने अन्यायाचे समर्थन होत नाही, हेही त्याच निष्ठेने म्हणावे लागेल. बंदुकीच्या आवाजाविना हे ऐकण्याची सवय नागपूरने आणि मुंबईने अजून लावून घ्यावयाची आहे.